फक्कीने आखलेली जमीन

मी अमेरिकेला कधीच गेले नाही, पण सात वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला, आणि तोही दुबईत बसून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला रास अल खोरमधल्या एका वर्कशॉपमध्ये एस्टिमेटरची नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून दुबईतल्या अल मनखूलमध्ये राहायला आलो. पुण्यात मी हायस्कूलमध्ये अकरा वर्षं भूगोल शिकवला होता. इथे पहिली काही वर्षं घरीच बसले. मुलगा शाळेत, नवरा साइटवर, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजत. मग एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत सोशल स्टडीजची जागा निघाल्याचं कळलं. मुलाखतीत हेडमिस्ट्रेस बाईंनी माझी सर्टिफिकेटं वरवर चाळली आणि म्हणाल्या, "पुस्तकात सगळं आहे. तुम्ही मुलांना गुंतवून ठेवा. ॲक्टिव्हिटी करा. पालकांना ॲक्टिव्हिटी आवडते."

मला आठवीचा वर्ग मिळाला. सव्वीस मुलं, आणि त्यांचे देश दहा-अकरा तरी होते. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, "मिस, पुस्तकात इंडियन लिहिलंय ते तुम्हीच का?" वर्ग हसला, मीही हसले, आणि फळ्यावर दोन वेगवेगळे नकाशे काढून दाखवले.

फेब्रुवारीत धडा आला पश्चिमेकडच्या विस्ताराचा. अमेरिकन लोक पूर्व किनाऱ्यावरून गाड्या जुंपून पश्चिमेला सरकत गेले आणि मिळेल तिथे जमीन धरून बसले, त्याची गोष्ट. त्यात ओक्लाहोमातल्या जमिनीच्या शर्यतीचं एक पान होतं. सरकारने मोठा प्रदेश मोकळा जाहीर केला. ठरलेल्या दिवशी हजारो लोक हद्दीवर जमले, घोडे, गाड्या, काहीजण पायीसुद्धा. भर दुपारी बंदुकीचा बार झाला आणि सगळे सुटले. ज्याने आधी जाऊन खुंटी ठोकली, त्याची एकशे साठ एकर. पानाच्या कडेला एका चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की या प्रदेशातल्या मूळच्या जमातींना त्याआधी छोट्या क्षेत्रात हलवण्यात आलं होतं. एवढंच.

मला वाटलं, याची ॲक्टिव्हिटी झकास होईल.

शाळेच्या मागे वाळूचं मैदान होतं. शाळेचा नातूर, म्हणजे वॉचमन, केरळचा वयस्कर माणूस होता. त्याला घेऊन मी सकाळी साडेसहाला मैदानावर फक्कीने चौकोन आखले. मुलांनी रंगीत कागदाचे झेंडे केले होते, स्ट्रॉला चिकटवून. वीस मुलं धावणार, चौकोन पकडणार. आणि धडा पूर्ण व्हावा म्हणून सहा मुलांना मी चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, 'तुम्ही इथे आधीपासून राहता. शिट्टी वाजली की उठा आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहा.'

ती सहा मुलं मी कशी निवडली, हे नंतर मला स्वतःलाच बऱ्याचदा विचारावं लागलं. जी धावण्यात मागे पडतात आणि जी तक्रार करत नाहीत, ती निवडली. तेव्हा एवढाही विचार केला नव्हता, हात आपोआप त्यांच्याकडे गेला.

त्यांत एक मुलगी होती. गव्हाळ वर्ण, काळेभोर सरळ केस, मागच्या बाकावर बसणारी. सप्टेंबरमध्येच शाळेत आली होती. विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची, न विचारता एक शब्द नाही. ती फिलिपिनो असावी असं मी धरून चालले होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

शिट्टी वाजली. मुलं आरडाओरडा करत सुटली. सहापैकी पाच जण उठून भिंतीकडे गेले. ही कोपऱ्यातल्या चौकोनात मांडी घालून बसली होती, तशीच बसून राहिली. सगळ्यात पुढे धावत आलेला उंच अमेरिकन मुलगा, ज्याचे वडील तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते, तो नेमका तिच्याच चौकोनापाशी पोचला आणि झेंडा हातात धरून थांबला.

"मिस, ही उठत नाहीये."

मी जवळ गेले. "चिठ्ठीत काय लिहिलंय? भिंतीपाशी जायचं."

"नाही, मिस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

"अगं, खेळ आहे हा."

"माहितेय, मिस."

मैदानाच्या कडेला हेडमिस्ट्रेस बाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. बाकीची मुलं आपापल्या चौकोनांतून आमच्याकडे बघत होती. मला घाम आला होता. "यल्ला, ऊठ, सगळे खोळंबलेत," मी म्हणाले आणि तिचा दंड धरून तिला उभं केलं. तिने विरोध केला नाही. तिच्या स्कर्टला मागे फक्कीचा पांढरा पट्टा लागला होता. ती चालत भिंतीपाशी गेली आणि उन्हात उभी राहिली. मुलाने झेंडा रोवला. बाईंनी फोटो काढला.

संध्याकाळी घरी मी नवऱ्याला ॲक्टिव्हिटी किती छान झाली ते सांगितलं. एक मुलगी जरा हट्टी निघाली, असंही सांगितलं.

दोन दिवसांनी रिसेप्शनवरून निरोप आला, पालक भेटायला आलेत. स्टाफरूमच्या बाहेरच्या खुर्चीवर एक दणकट माणूस बसला होता. अंगात विमानतळावरच्या मेकॅनिकचा करडा युनिफॉर्म, नखांच्या कडांना तेल. मला पाहून उठला, हात पुढे केला, आणि त्या मुलीचं नाव सांगून म्हणाला, "मी तिचा बाप."

त्याचं इंग्लिश अस्सल अमेरिकन होतं. मी गोंधळले आणि तोंडातून गेलं, "मला वाटलं, तुम्ही लोक मनिलाचे."

तो किंचित हसला. "सगळ्यांनाच वाटतं. तिला इथे त्याचं बरंच वाटतं. तुझी डोक्यावरची पिसं कुठेत असं कुणी विचारत नाही."

मग त्याने सांगितलं. ते ओक्लाहोमाचे. त्याने आपल्या जमातीचं नाव घेतलं, ते मला दोनदा विचारावं लागलं. ज्या शर्यतीचा खेळ मी वाळूत मांडला होता, तशीच एक शर्यत त्यांच्या जमिनीवर झाली होती.

मी शेजारच्या खुर्चीत बसले, तोही बसला. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर सुचलं असतं.

"ती म्हणाली, मी शाळेत एका खेळात हरले," तो म्हणाला. "मी विचारलं, कुठला खेळ. तर गप्प. आईला रात्री सांगितलं तिने."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"ते मी ओळखलं. म्हणून आलो. तुम्हाला एक सांगू का? माझ्या आजीची आई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती भिंतीपाशी उभी नव्हती. ती आपल्या घराच्या दारात उभी होती. सरकारने माणशी तुकडे पाडून दिले होते, तिच्या बापाचा तुकडा ओढ्याच्या काठी होता. उरलेलं सगळं त्या दिवशी दुपारी गेलं. ती सांगायची की आधी धूळ दिसली, मग आवाज आला. संध्याकाळपर्यंत चारी बाजूंना शेजारी. आणि त्यांच्याकडे पाणी नव्हतं. मुलाबाळांना घेऊन आले होते, पण पाण्याचा विचार कुणी केला नव्हता. मग ते तिच्या दारात आले."

"मग?"

"मग काय. तिने पाणी दिलं. तहानलेला माणूस दारात आला की देतात. त्यातल्या एका बाईचं बाळ तापाने फणफणलं होतं. तिला दोन दिवस घरात ठेवून घेतलं. त्या बाईच्या नवऱ्याने पुढे वीस वर्षांत यांचा निम्मा तुकडा विकत घेतला. अंगठा घेऊन. घरात कुणाला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं." तो उठला. "हे तुमच्या पुस्तकात नाही. असायला पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण तिचा हात धरायला नको होता, मिस."

एवढं बोलून तो ड्युटीवर गेला. पुढच्या तासाला मी मुलांना नकाशा भरायला दिला आणि टेबलापाशी नुसती बसून राहिले.

मला आठवत होतं ते वेगळंच. मी धरणग्रस्ताची मुलगी आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका खोऱ्यात आमचं गाव होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला स्वतःला फक्त ट्रक आठवतो, बाकी आईने सांगितलेलं. परसातल्या केळीचा न पिकलेला लोंगर तिने तसाच तोडून ट्रकात टाकला होता, आणि ती केळी कधी पिकलीच नाहीत, काळी पडून सडली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की पुण्यात कॉलेजात असताना मी तीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. सरकारने आम्हाला घाट उतरून खाली, तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात, पर्यायी जमीन दिली. तिथेच माझे वडील राबले आणि तिथेच गेले. माझ्या निबंधात ती जमीन शेवटच्या दोन ओळींत होती. 'आम्हाला ओसाड माळ मिळाला.'

शुक्रवारी मी आईला फोन लावला. ती भावाकडे, त्याच जमिनीवर राहत होती. खुशाली झाली, मुलाला फोनवर बोलावलं. तो "हाय आजी, आय ॲम फाइन" म्हणून पळाला. मग मी विचारलं, "आई, आपण घाट उतरून आलो तेव्हा त्या जमिनीवर कोण होतं?"

"कोण असणार? झाडोरा हुता नुसता."

"कुणीच नव्हतं?"

आईने तिकडे कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"कातकऱ्यांची खोपटं हुती चार-पाच," ती म्हणाली. "ओहोळाच्या अंगाला. ती गेली मग."

"कुठे?"

"मला काय ठावं बाई. तुज्या बाकडं तलाठ्याचा कागद हुता. तवा आमचंच कुठं ठिकाण हुतं, दुसऱ्याचं कोण बघतंय. आज काय काढलंस हे?"

मी म्हटलं, काही नाही, शाळेत शिकवायचंय.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला वर्गात थांबवलं. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, पण ती समोर उभी राहिल्यावर ते सगळं भाषणासारखं वाटायला लागलं. मी म्हणाले, "मी तुझा दंड धरायला नको होता. सॉरी."

"इट्स ओके, मिस. तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही. तू फिलिपिनो असतीस तरी धरायला नको होता."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुझ्या वडिलांनी मला त्यांच्या पणजीची गोष्ट सांगितली," मी म्हणाले. "तू ती वर्गात सांगशील का? तुझी इच्छा असेल तर."

"नो, मिस." तिने जराही वेळ घेतला नाही. "मला धडा व्हायचं नाहीये."

मी बरं म्हटलं. ती खेळायला गेली. तेरा वर्षांच्या मुलीने मला एका वाक्यात गप्प केलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

तिची गोष्ट वापरायची नाही, तर मग उरली माझीच. त्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं की शर्यतीचा खेळ मी चुकीचा घेतला. मग धरणाची गोष्ट सांगितली. ट्रक, केळी, सगळं. मुलं गंभीर झाली होती. निबंधाचा शेवट व्हायचा तिथे मी थांबले असते तर नेहमीसारखं कौतुकही झालं असतं. पण पुढे ओहोळाकाठच्या चार-पाच खोपटांबद्दल सांगितलं, माझ्या वडिलांकडच्या कागदाबद्दल सांगितलं. ती माणसं कुठे गेली हे माझ्या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं, हेही सांगितलं.

झेंडा रोवलेल्या त्या उंच मुलाने हात वर केला.

"मिस, म्हणजे तुम्ही नक्की कोण? सेटलर की इंडियन?"

एक-दोघं हसायला लागले होते, पण तो चेष्टा करत नव्हता.

"दोन्ही," मी म्हणाले. "एकाच वर्षात."

तो थोडा वेळ पेन चावत बसला. मग म्हणाला, "माझ्या आजोबांच्या घरात एक फोटो आहे. जमिनीत खणून केलेल्या घरासमोर सगळे उभे आहेत. आम्ही पहिलं कुटुंब होतो असं आजोबा सांगतात. त्यांना विचारू का?"

"विचार," मी म्हणाले. "पण त्यांना वाईट वाटेल असं नको विचारू. त्यांनाही तसंच सांगितलेलं असणार."

ती मागच्या बाकावर मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. ऐकत होती की नाही, मला कळलं नाही.

पुढे मार्चमध्ये त्या मुलाने प्रोजेक्ट आणला. फोटोची झेरॉक्स, खाली आजोबांनी फोनवर सांगितलेलं. पहिल्या हिवाळ्यात दोन मुलं दगावली. गाय विकली. जमीन पाच वर्षं कसल्यावर नावावर झाली. आणि शेवटी एक परिच्छेद होता. नांगर धरला की बाणांची दगडी टोकं निघायची, पणजोबांनी ती एका बरणीत भरून ठेवली होती, बरणी अजून फडताळात आहे. आजोबांना विचारलं की ती कुणाची, तर ते म्हणाले, "अशी निघायचीच सगळीकडे." त्याने पुढे काहीच मत लिहिलं नव्हतं. मी त्याला पूर्ण मार्क दिले.

प्रोजेक्ट भिंतीवर लावले होते तेव्हा ती मुलगी त्याच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. तोही जवळ होता. दोघं काहीतरी बोलली, फार नाही. मी लांब होते, ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

जूनमध्ये तिच्या वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दुबईच्या शाळांमध्ये हे दरवर्षी होतं. सप्टेंबरला हजेरी घेताना चार-पाच नावं कमी झालेली असतात आणि तेवढीच नवी आलेली असतात. शेवटच्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली, "बाय, मिस," म्हणाली. मी विचारलं, कुठे जाणार आता? म्हणाली, आधी घरी, आजीकडे, मग बाबांना जिथे काम मिळेल तिथे. तिच्या तोंडून 'घरी' ऐकून मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारी जवळ आल्यावर हेडमिस्ट्रेस बाईंनी मला बोलावून विचारलं की जमिनीच्या शर्यतीची ॲक्टिव्हिटी कधी ठेवूया, गेल्या वर्षीचे फोटो ब्रोशरमध्ये फार छान आले होते. मी म्हटलं, मी घेणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "ठीक आहे, तुमची इच्छा नाही तर सातवीच्या टीचर घेतील." आणि त्यांनी घेतली. मी शाळेत होते तोवर दरवर्षी होत राहिली. त्या दिवशी मी वर्गाचे पडदे ओढून घेत असे. याहून जास्त काही मी केलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

मी नकार दिला त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही भावाकडे गेलो. मी आईला म्हणाले, कातकरवाडीत जाऊन येऊ. भाऊ म्हणाला, "कशाला उकरतेस? त्यांना सरकारने घरकुलं दिलीत." आई मात्र चप्पल घालून तयार झाली. मला वाटलं होतं ती नाही येणार.

वाडी ओहोळ ओलांडून, टेकडीच्या पलीकडे होती. पाऊण तास चालावं लागलं. सत्तरीला आलेल्या आईने वाटेत दोनदाच दम खाल्ला. वाडीतल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर तिच्याच वयाची एक बाई सुकी मासळी निवडत बसली होती. आईने तिला नावाने हाक मारली. मी थक्क झाले. चाळीस वर्षं आईला तिचं नाव माहीत होतं.

त्या बाईने आम्हाला बसायला गोणपाट दिलं. मी कोण, कुठून आले, ते आईने सांगितलं. तिने मासळी पुन्हा पुढे ओढली. शेवटी मीच म्हणाले, "मावशी, आम्ही आलो तेव्हा तुमची घरं आमच्या जमिनीवर होती ना?"

"जमीन तुमची न्हवती तवा," ती म्हणाली. रागाने नाही, चुकलेलं दुरुस्त करावं तसं. "तुज्या बानं दोन दिस दिलं हुतं उठायला. आमाला येकच लागला. हुतंच काय उचलाय."

आई मासळीकडे बघत होती. "मी सांगितलं हुतं त्याला," ती म्हणाली, "पाऊस जाऊ दे म्हणून. त्यानं ऐकलं न्हाई. मग मीबी दुसऱ्यांदा बोलले न्हाई."

"मला ठावं हाय," ती बाई म्हणाली. "तू दारात उभी हुतीस."

मी माझ्या आईचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. ती रडली नाही. तिने हात पुढे केला आणि त्या बाईसमोरच्या ढिगातली मासळी निवडायला लागली. दोघी निवडत राहिल्या. मीही बसले, पण मला ते काम येत नव्हतं.

थोड्या वेळाने त्या बाईने मला विचारलं, "दुबैला तुमची जमीन हाय?"

"नाही. तिथे आम्हाला मिळत नाही. कागद असतो, तो संपला की परत यायचं."

"मंग आमच्यावाणीच," ती म्हणाली.

तसं नव्हतं. माझ्याकडे परतीचं तिकीट होतं, पुण्यात फ्लॅट होता, भावाच्या सात-बारावर माझं नाव होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने ऐकलं आणि मान हलवली.

निघताना आईने तिला घरी यायला सांगितलं. ती बघू म्हणाली. पुढे ती आली, असं भावाने एकदा फोनवर सांगितलं, गणपतीत, नातीला घेऊन. आईने तिला माजघरात बसवून जेवू घातलं. भावाला ते फारसं आवडलं नव्हतं, पण तो काही बोलला नाही. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा मी दुबईहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेजारणीने सांगितलं की सकाळपासून एक कातकरीण अंगणाच्या कडेला बसून होती. कुणी तिला आत ये म्हटलं नाही, आणि कुणी ऊठही म्हटलं नाही.